खोलीला किती इंची पंखा लावू?

भातकापणी आटोपली की डहाणू-तलासरीत पेंढ्याच्या उडव्या उभ्या राहतात. त्यातला काही गुरांना जातो, काही विकला जातो. त्याच पेंढ्यावर धिंगरी अळिंबी घेता येते हे कळलेल्या माणसाचा पहिला प्रश्न बियाण्याचा असतो, दुसरा बाजाराचा. तिसरा विचारला जातो तो इलेक्ट्रिकच्या दुकानात: "दहा बाय वीसची खोली आहे, किती इंची एक्झॉस्ट लावू?" दुकानदार बहुधा बारा इंची पंखा पुढे करतो. स्वयंपाकघराच्या धुरासाठी ते उत्तर चालून जाते. अळिंबीच्या खोलीत मात्र त्यातून निम्मी अडचण सुरू होते, कारण प्रश्नच उलट्या टोकाकडून विचारलेला असतो. खोलीतून ताशी किती हवा बदलायची आणि ती आत कुठून येणार, हे आधी ठरवावे लागते. ते ठरले की पंख्याचे इंच आपोआप निघतात, आणि ते सहसा अपेक्षेपेक्षा कमीच निघतात. हे प्रकरण त्या हिशेबाचे आहे.

१. पंखा नेमके काय बाहेर काढतो?

हिरवी झाडे उजेडात कार्बन डायऑक्साइड घेतात आणि ऑक्सिजन सोडतात. अळिंबी ही बुरशी असल्याने तिचे आपल्यासारखे आहे: ती ऑक्सिजन घेते, कार्बन डायऑक्साइड सोडते आणि थोडी ऊबही सोडते. बंद खोलीत टांगलेले पेंढ्याच्या पिशव्यांचे दोनशे बेड म्हणजे रात्रंदिवस श्वास घेणारी दोनशे तोंडे. बाहेरच्या मोकळ्या हवेत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण सध्या दहा लाख भागांत साधारण ४२५ भाग, म्हणजे ४२५ पीपीएम आहे. धिंगरीचे फळ नीट उमलायला ते खोलीत १,००० पीपीएमच्या आत राहिलेले बरे. त्याहून फार वाढले तर देठ लांबत जातो, छत्री आखडते आणि शिंपल्यासारखा पसरणारा घोस कर्ण्यासारखा दिसू लागतो. असा माल टोपलीत वजनाला भरतो, पण गिऱ्हाईक देठ मोडून बाजूला ठेवते.

हा नियम पिकाच्या दोन्ही अवस्थांना सारखा लागू नाही, आणि नवख्या उत्पादकाचा घोटाळा बहुतेक इथेच होतो. बियाणे पेरल्यावरच्या पहिल्या पंधरा-वीस दिवसांत पांढरी बुरशी पेंढ्यात पसरत असते. त्या काळात पिशवीतला कार्बन डायऑक्साइड कितीतरी पटींनी वाढला तरी तिचे बिघडत नाही. तेव्हा हवा बदलण्याची घाई नको, फक्त बेड तापत नाहीत ना एवढे पाहावे. पिशवी फाडली आणि पिनहेड, म्हणजे टाचणीच्या डोक्याएवढे कोवळे कोंब, दिसू लागले की मात्र गरज एकदम पालटते. त्यामुळे एकाच खोलीत अर्धे बेड वाढीचे आणि अर्धे फळधारणेचे ठेवले, तर पंखा कोणाच्या सोयीने चालवायचा हा प्रश्न सुटत नाही. दोन खोल्या शक्य नसतील, तर मध्ये प्लास्टिकचा पडदा तरी हवा.

२. ताशी किती हवा? एक हिशेब

खोली २० फूट लांब, १० फूट रुंद आणि ९ फूट उंच धरू. म्हणजे १,८०० घनफूट. एका घनमीटरात सुमारे ३५ घनफूट येतात, तेव्हा खोलीत साधारण ५१ घनमीटर हवा झाली. तीत दोनशे बेड टांगले, आणि प्रत्येकात कोरडा पेंढा एक किलो. बुरशी हा पेंढा खाते, म्हणजे रसायनाच्या भाषेत सावकाश जाळते. पन्नास दिवसांच्या पिकात दर किलोतला ३०० ग्रॅम असा जळतो असे मानू. पेंढ्याचा मुख्य भाग सेल्युलोजचा, आणि ३०० ग्रॅम सेल्युलोज पूर्ण जळल्यावर सुमारे अर्धा किलो, म्हणजे २७० लिटरच्या आसपास कार्बन डायऑक्साइड होतो. दोनशे बेडांचा झाला ५४,००० लिटर. पन्नास दिवसांचे १,२०० तास, तेव्हा सरासरी ताशी ४५ लिटर. ऐन बहरात श्वासाचा वेग दुप्पट धरला, तर ताशी ९० लिटर.

आता ताजी हवा किती लागेल? ४२५ पीपीएमची हवा आत आली आणि १,००० पीपीएमची होऊन बाहेर गेली, तर दर घनमीटर हवा ५७५ मिलिलिटर कार्बन डायऑक्साइड उचलून नेते. ९० लिटर न्यायला सुमारे १६० घनमीटर लागतील. खोलीत काम करणारा माणूसही ताशी वीसेक लिटर सोडतो, त्याच्यासाठी आणखी ३५. एकूण साधारण २०० घनमीटर. ५१ घनमीटरच्या खोलीतली हवा म्हणजे तासाला चार वेळा बदलली. अळिंबीच्या खोलीत ताशी चार ते सहा वेळा हवा बदलावी, असे प्रशिक्षणात सांगतात. तो आकडा कुठून येतो हे यावरून कळते, आणि त्याची मर्यादाही कळते. याच खोलीत फक्त पन्नास बेड असतील, तर चार वेळा हवा बदलणे उधळपट्टी आहे. बेड चारशे केले, तर चार वेळा पुरणार नाही. म्हणून खोलीच्या आकारापेक्षा आतल्या कोरड्या पेंढ्याच्या किलोंवरून हिशेब करणे खरे. दर किलोला ताशी एक घनमीटर, हे प्रमाण लक्षात ठेवले तरी पुरे.

३. डब्यावरचा आकडा आणि भिंतीतला पंखा

पंख्याच्या डब्यावर दोन गोष्टी छापलेल्या असतात: पात्यांचा व्यास, मिलिमीटरमध्ये, आणि ताशी घनमीटर किंवा मिनिटाला घनफूट, म्हणजे सीएफएम, या मापात हवेचा आकडा. एक सीएफएम म्हणजे ताशी १.७ घनमीटर. आपले २०० घनमीटर म्हणजे सुमारे ११८ सीएफएम झाले. डब्यावरचा आकडा मात्र पंख्यापुढे काहीही अडथळा नसतानाचा असतो. भिंतीत बसवला, मागे जाळी आली, पुढे झडप आली, की हवेला ढकलून वाट काढावी लागते. या अडथळ्याला स्थिर दाब म्हणतात. घरोघरी दिसणारा पात्यांचा सरळ एक्झॉस्ट पंखा मोकळ्यावर भरपूर हवा फेकतो, पण अडथळा वाढला की त्याचा जोर झपाट्याने उतरतो. पिंजऱ्यासारख्या चाकाचा ब्लोअर किंवा पाइपात बसणारा इनलाइन पंखा दाबापुढे टिकतो, पण महाग पडतो. बारीक फिल्टर किंवा लांब पाइप असेल तरच तो घ्यावा. नुसती जाळी आणि झडप असेल, तर साधा पंखा चालेल, फक्त गरजेच्या दीडपट आकड्याचा घ्यावा.

आपल्या खोलीला दीडपट म्हणजे ३०० घनमीटर. एवढी हवा सहा इंची, म्हणजे १५० मिलिमीटर व्यासाचा चांगला पंखा किंवा आठ इंची पंखा देतो. बारा इंची पंख्याचा आकडा हजाराच्या वर जातो. मोठा घेतला तर काय बिघडले, अशी शंका इथे येणारच. जास्त हवा, जास्त ताजेपणा, असे वाटते. उत्तर पाण्याच्या हिशेबात आहे. डिसेंबरातल्या एखाद्या दुपारी बाहेर ३० अंश तापमान आणि ५० टक्के आर्द्रता धरू. अशा हवेच्या घनमीटरमध्ये सुमारे १५ ग्रॅम बाष्प असते. खोली २५ अंश आणि ८५ टक्क्यांवर ठेवायची, तर तिथे साडेएकोणीस ग्रॅम हवे. आत येणारा प्रत्येक घनमीटर साडेचार ग्रॅम पाणी मागतो. ताशी २०० घनमीटर हवेला सुमारे एक लिटर, १,२०० घनमीटरला पाच लिटरहून जास्त. हे पाणी फवारणीने दिले नाही, तर हवा ते बेडांतून आणि कोवळ्या पिनहेडमधून घेते. पिनहेड कडेने पिवळे पडून सुकले, तर दोष बियाण्याला लागतो, पण कारण कित्येकदा भिंतीत गरगरत असते.

मोठा पंखा टायमरवर थोडा थोडा चालवला तर? सरासरी जुळते, हे खरे. पण १,२०० घनमीटरचा पंखा खोलीची सगळी हवा अडीच मिनिटांत पालटतो. म्हणजे दर वेळी खोली दमट, मग एकदम कोरडी, मग पुन्हा दमट. लहान पंखा संथपणे सतत चालतो, आणि सतत सारखी राहणारी हवा पिनहेडना मानवते. विजेचेही पाहा: ३५ वॅटचा पंखा दिवसरात्र चालला तरी महिन्याला सुमारे २५ युनिट होतात. मोठा पंखा आधीच घरात पडून असेल, तर टायमर लावावा, दर पंधरा मिनिटांनी दोन-अडीच मिनिटे. नवा घ्यायचा असेल, तर लहानच घ्यावा.

४. हवा आत कुठून येणार?

तेलाच्या डब्याला एकच भोक पाडले तर तेल अडखळत, गचके देत पडते. समोरच्या कोपऱ्यात दुसरे भोक पाडले की धार सरळ लागते. पंख्याचेही तसेच आहे. बाहेर जाणाऱ्या हवेइतकीच हवा आत यायला हवी. वाट ठेवली नाही, तर पंखा फिरतो, आवाज करतो, वीज खातो आणि हवा मात्र जागची हलत नाही. नाहीतर ती दाराखालच्या फटीतून, कौलांच्या सांध्यांतून, मोरीच्या भोकातून आत येते आणि सोबत माश्या व धूळ आणते.

वाट किती मोठी हवी, तेही मोजू. ताशी २०० घनमीटर म्हणजे सेकंदाला ०.०५६ घनमीटर. हवा सेकंदाला एक मीटर, म्हणजे हळू आत यावी असे धरले, तर ५६० चौरस सेंटिमीटर उघडी जागा लागते. अळिंबीवर येणाऱ्या बारीक माश्या रोखायला दाट जाळी लावावीच लागते, आणि तिचे धागे निम्मी जागा अडवतात असे समजावे. तेव्हा खिडकी हवी १,१०० चौरस सेंटिमीटरची, म्हणजे सुमारे ३३ बाय ३३, एका चौरस फुटाहून थोडी मोठी. सहा इंची पंख्याचे तोंड जेमतेम १७७ चौरस सेंटिमीटरचे असते. म्हणजे आत येण्याची वाट पंख्याच्या तोंडाच्या सहापट मोठी झाली. हे प्रमाण पाहून बरेच जण चकित होतात, कारण पैसे पंख्याला पडतात आणि लक्षही तिथेच जाते. पंखा बसवल्यावर परीक्षा सोपी आहे. पंखा चालू ठेवून दार उघडून पाहावे. ते आतून ओढल्यासारखे जड वाटले, तर वाट कमी आहे. पेटलेली उदबत्ती जाळीजवळ धरावी. धूर सरळ आत खेचला जायला हवा. तो घुटमळत असेल, तर जाळी धुळीने बुजलेली आहे.

५. पंखा वर की खाली?

कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड, म्हणून तो जमिनीलगत साचतो, म्हणून पंखा खालीच हवा, असे ठासून सांगितले जाते. पहिले वाक्य शुद्ध वायूपुरते खरे आहे. खोलीत मात्र शुद्ध वायू नसतो, हवेत मिसळलेले काही शे भाग असतात. १,५०० पीपीएमची हवा बाहेरच्या हवेपेक्षा सुमारे ०.०६ टक्के जड भरते. उलट, हवा एका अंशाने तापली की सुमारे ०.३३ टक्के हलकी होते. म्हणजे बेडांच्या उबेने हवा जेमतेम पाव अंश तापली तरी हा जडपणा पुसला जातो. बाष्पही हवेपेक्षा हलके असते, त्याचा हातभार वेगळाच. एवढे मात्र खरे, की बेड दाटीने टांगले असतील आणि खालच्या ओळीत हवा हलतच नसेल, तर तिथे वायू साचू शकतो. त्याचे कारण वजनापेक्षा कोंडी हे आहे.

म्हणून वर की खाली यापेक्षा समोरासमोर आहे का, हे महत्त्वाचे. हवा एका टोकाला आत यावी, बेडांच्या ओळींतून जावी आणि दुसऱ्या टोकाला बाहेर पडावी. जाळी एका भिंतीत वरच्या बाजूला आणि पंखा समोरच्या भिंतीत खालच्या निम्म्यात, ही तिरकी मांडणी बहुतेक खोल्यांना जमते. दोन्ही एकाच भिंतीत शेजारी ठेवले, तर ताजी हवा आली तशी निघून जाते आणि मागच्या ओळींतले देठ लांबत राहतात. आतली हवा हलती ठेवायला लहान भिंतपंखा लावता येतो, पण त्याचा झोत भिंतीवर घ्यावा, बेडांवर नको. आणि हे विसरू नये, की तो शिळी हवा फिरवतो, बदलत नाही.

६. किनारा आणि डोंगर

बोर्डी, घोलवड, चिंचणीच्या किनाऱ्यावर दुपारी समुद्राकडून वारा येतो, आणि पावसाळ्यात तर नैर्ऋत्येकडून पाऊस घेऊनच येतो. अशा वाऱ्यासमोर पश्चिमेच्या भिंतीत पंखा लावला, तर त्याची निम्मी ताकद वाऱ्याशी झगडण्यात जाते. पंखा पूर्वेला किंवा उत्तरेला आणि हवेची खिडकी पश्चिमेला, वर पावसाची झड अडवणाऱ्या छपरीसह, ही मांडणी वाऱ्याचाच हातभार घेते. खाऱ्या हवेत लोखंडी जाळी आणि उघड्या बेअरिंगचे पंखे लवकर गंजतात. प्लास्टिकच्या पात्यांचा, बंद मोटरचा आणि आयपीएक्स४ असा शिक्का असलेला, म्हणजे कुठूनही पाणी उडाले तरी सोसणारा, पंखा इथे फायद्याचा. तलासरी समुद्रापासून आत, तेव्हा तिथे गंज कमी, पण महामार्गालगतच्या गावांत धूळ जास्त. तिथे जाळी आठवड्याला धुवावी आणि खिडकी रस्त्याच्या उलट बाजूला ठेवावी.

दोन्हीकडे एक गैरसमज सारखाच आढळतो: पंखा लावला की खोली गार होईल. मे महिन्यातल्या एखाद्या दुपारी ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असेल, तर त्या हवेच्या घनमीटरमध्ये २५ ग्रॅम बाष्प असते. २५ अंशांची हवा पूर्ण भरली तरी २३ ग्रॅमच धरू शकते. म्हणजे पाणी कितीही फवारा, पंखा कितीही फिरवा, ही हवा २८ अंशांच्या खाली येणार नाही. सोलनसारख्या थंड डोंगराळ भागातील पद्धत इथे जशीच्या तशी उचलता येत नाही ती यामुळेच. उपाय पंख्यात शोधू नये, पिकात शोधावा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी धिंगरी घ्यावी, आणि उन्हाळ्यात ३० ते ३५ अंश मानवणारी दुधी अळिंबी. पंख्याचे काम हवा बदलण्याचे. गारव्यासाठी छपरावर पेंढा, भिंतीला ओले गोणपाट आणि पहाटेची हवा जास्त उपयोगी. उन्हाळ्यात पंखा रात्री अधिक आणि दुपारी कमीत कमी चालवावा.

७. कुडाच्या घराला पंखा हवा का?

कारवीच्या कुडाला शेणमातीचे लिंपण केलेल्या घरात भिंत आणि छपर यांच्यामध्ये फट असतेच, आणि कौलांतूनही हवा खेळते. आमच्या घराला पंख्याची गरजच काय, हा आक्षेप म्हणूनच वाजवी आहे, आणि चाळीस-पन्नास बेडांपुरता तो मान्य करायला हवा. तेवढ्या बेडांना ताशी चाळीस-पन्नास घनमीटर हवा पुरते, आणि उन्हाने तापलेले छप्पर ती फुकट ओढून नेते. तिथे पंख्याऐवजी जाळीवर खर्च करावा. बेड शंभरच्या पुढे गेले की मात्र भरवसा राहत नाही, कारण वारा पडलेल्या रात्री ही ओढ थांबते आणि बेडांचा श्वास थांबत नाही. अशा सच्छिद्र घरात हवा बाहेर ओढण्यापेक्षा जाळीआडून आत ढकलणे चांगले. मग फटींतून हवा बाहेर जाते आणि माश्यांना उलटा वारा लागतो. सिमेंटच्या बंद खोलीत ओढणारा पंखा ठीक, पण फटी आधी बुजवाव्यात.

वीज गेली तर काय, हा दुसरा आक्षेप. दोनशे बेडांच्या बहरातल्या खोलीत पंखा थांबला, तर तासाला साधारण १,७०० पीपीएमची भर पडू शकते. तासाभराने पीक बुडत नाही, पण दिवसभराची वीज गेली तर पिनहेडवर ती दिसते. यासाठी दाराच्या आत जाळीचे दुसरे दार बसवावे. वीज गेली की बाहेरचे उघडायचे. इन्व्हर्टरपेक्षा हे स्वस्त, आणि त्याला बॅटरी लागत नाही.

८. बसवताना आणि नंतर

ओल्या खोलीत वीज म्हणजे जिवाशी गाठ. पंख्याचे बटण खोलीबाहेर, वायर पाइपातून, अर्थिंग पक्के, आणि ३० मिलिअँपिअर गळतीला वीज तोडणारा आरसीसीबी लावलेला असावा. यातली एकही गोष्ट काटकसरीत सोडू नये. पंख्याबाहेर आपोआप मिटणारी झडप लावली, तर तो बंद असताना माश्या आत येत नाहीत. धिंगरीची छत्री पिकली की पांढऱ्या धुळीसारखे असंख्य बीजाणू उडतात. ते पात्यांवर थर धरतात आणि हवा घटते, म्हणून आठवड्याला वीज तोडून पाती पुसावीत. हेच बीजाणू रोज छातीत गेले, तर खोकला, ताप आणि दम लागतो. आत जाताना मास्क घालावा, कडा वर वळण्याआधी माल काढावा आणि पंख्याचे तोंड शेजाऱ्याच्या खिडकीकडे करू नये.

सगळे नीट बसले की नाही, हे अळिंबीच सांगते. छत्री रुंद आणि देठ आखूड असेल, तर हवा पुरेशी आहे. देठ लांबले, तर आधी उजेड पाहावा, कारण अंधारातही देठ लांबतो. दिवसा खोलीत वर्तमानपत्र वाचता येत असेल, तर दोष हवेचा समजून पंख्याचा वेळ वाढवावा. पिनहेड सुकत असतील, तर पंखा कमी करावा किंवा ओलावा वाढवावा. एका वेळी एकच बदल करून तीन-चार दिवस वाट पाहावी, नाहीतर कशाने काय झाले ते कळत नाही. काही अडलेच, तर डहाणू तालुक्यातच कोसबाडला कृषी विज्ञान केंद्र आहे, तिथे विचारावे.

तेव्हा दुकानात जाण्यापूर्वी कागदावर तीन ओळी लिहा: कोरडा पेंढा किती किलो, त्यावरून ताशी किती घनमीटर, आणि तेवढ्या हवेला किती मोठी खिडकी. खिडकी आधी पाडा, जाळी मग लावा आणि पंखा सगळ्यात शेवटी घ्या. तोवर दुकानदाराने बारा इंची पुढे केला, तर तो खुशाल स्वयंपाकघरासाठी घ्या.